नोंद आणि आधार



इतिहास दोन प्रकारांनी नासतो. कागद नाहीसा झाला म्हणजे नासतो, हा एक प्रकार. कागद हाती आहे, पण तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला व लिहिताना त्याच्या मनात काय होते हे विचारण्याची सवय मोडली म्हणजे नासतो, हा दुसरा प्रकार. पहिल्या नासाडीबद्दल आपण पुष्कळ हळहळतो. दुसरी मात्र आपल्या डोळ्यांदेखत रोज चाललेली असूनही तिकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय ही दुसरी नासाडी आहे. ती कशी होते हे पाहण्यासाठी आपण एक परिचित वस्तू घेऊ. ती वस्तू म्हणजे विकिपीडिया.

कोणाही शाळकरी मुलाला आज एखाद्या किल्ल्याची, राजाची वा गावाची माहिती हवी असली, तर तो मोबाईल उघडतो आणि बहुधा पहिली येते ती विकिपीडियाची नोंद. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला. मराठीत तो १ मे २००३ पासून आहे. तो फुकट आहे, सर्वांना खुला आहे, आणि त्यात कोणालाही लिहिता येते. असा उद्योग मनुष्यजातीने पूर्वी कधी केला नव्हता, हे प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. जे पुस्तक पाहण्यासाठी आपल्या वडिलांना लातूर, औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठावे लागत असे, त्याचा सारांश आज देवणीच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला क्षणात मिळतो. तेव्हा या ज्ञानकोशाची टवाळी करावी असा माझा मुळीच हेतू नाही. पण जे सर्वांच्या हाती पोचते त्याची पारखही सर्वांना करता आली पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

सहीच्या जागी दाखला

मराठीला ज्ञानकोशाची परंपरा काही कालपरवाची नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी अमेरिकेतून विद्या संपादून परत आल्यावर महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे प्रचंड काम अंगावर घेतले. नागपुरास कचेरी थाटली, मंडळी उभारून भांडवल गोळा केले, पुढे बिऱ्हाड पुण्यास हलविले, आणि १९२० नंतरच्या दशकात तेवीस खंड मराठी वाचकांच्या हाती ठेवले. त्यानंतर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले व त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोशातील मोठी नोंद उघडून पाहा. शेवटी संदर्भग्रंथ आहेत आणि त्यांच्याजवळच लेखकाचे नाव आहे. नोंद चुकली तर ती कोणाची चुकली हे कळते. लेखक आपल्या नावानिशी वाचकापुढे उभा असतो.

विकिपीडियाची घडण याहून निराळी आहे. तेथे एकाच नोंदीवर पन्नास हात फिरलेले असतात व त्यांतील बहुतेकांनी टोपणनाव घेतलेले असते. म्हणून लेखकाच्या सहीची जागा तेथे दाखल्याने घेतली आहे. जे लिहाल त्याला छापील आधार द्या. पक्ष घेऊ नका. स्वतःचे नवे संशोधन येथे घालू नका, असे त्या ज्ञानकोशाचे तीन मुख्य नियम आहेत. ज्या वाक्याला आधार नसेल त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करतात. नियम चांगले आहेत. परंतु सारी इमारत दाखल्यावर उभी असल्यामुळे दाखलाच पोकळ निघाला तर इमारतीत टेकायला दुसरे काही उरत नाही. आणि आकड्याची बारीक खूण वाक्यापुढे दिसली, की आपण समजतो की वाक्य सिद्ध झाले. ते वाक्य कोणी तरी पूर्वी छापले आहे, एवढेच वास्तविक त्या खुणेने सिद्ध होते.

आपल्या पूर्वजांना हा भेद ठाऊक होता. वतनाचा तंटा पडला म्हणजे गोत जमत असे, साक्षी होत असत व निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्यावर पाटलाचा नांगर आणि बलुतेदारांची आपापल्या हत्यारांची निशाणी उमटे. साक्षीदार किती आले यापेक्षा साक्षीदार कोण, त्याचा वादीप्रतिवादींशी संबंध काय, त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे पाहत. एकाच घरातील दहा भाऊ एकच गोष्ट सांगू लागले, तर शहाणा पाटील त्यांना दहा साक्षी म्हणून मोजीत नसे. ज्ञानकोशाच्या वाचकाने हाच पाटील व्हावयाचे आहे.

एका बखरीचा प्रवास

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. २०२५ च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजी महाराजांवरील ‘छावा’ हा चित्रपट निघाला, आणि लोक मोबाईलवर महाराजांची माहिती शोधू लागले. इंग्रजी विकिपीडियातील नोंदीत काही मजकूर असा आढळला की, त्याने महाराष्ट्रात संतापाची लाट उसळली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सायबर पोलिसांना तो मजकूर काढविण्याबाबत पावले टाकण्यास सांगितले. विकिपीडिया चालविणाऱ्या संस्थेस नोटीस गेली व काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदला गेला. संताप अकारण होता असे मी म्हणणार नाही. ज्या पुरुषाने हालहाल सोसून ११ मार्च १६८९ रोजी मरण पत्करले, त्याच्याविषयी उणा शब्द आला की मराठी मन दुखावतेच. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावयाचा प्रश्न असा की, हा मजकूर मुळात आला कोठून?

या शोधात मागे मागे जाऊ लागले म्हणजे मोठी बोधप्रद साखळी हाती लागते. आधुनिक इंग्रजी पुस्तके बहुधा जदुनाथ सरकार यांचा आधार घेतात किंवा ग्रँट डफ याचा. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापला गेला. हा गृहस्थ साताऱ्यास कंपनी सरकारचा अधिकारी होता व त्याने तेथील दप्तरांचा आणि बखरींचा उपयोग केला. संभाजी महाराजांविषयी बखरींतून जे चित्र उतरले आहे त्यात मोठा वाटा मल्हार रामराव चिटणीस यांच्या बखरीचा आहे. ही बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिलेली, म्हणजे महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी.

आणि हे मल्हार रामराव कोण? बाळाजी आवजी चिटणीस यांचे वंशज. बाळाजी आवजी हे शिवछत्रपतींचे विश्वासू चिटणीस. १६८१ साली महाराजांविरुद्ध झालेल्या कटात त्यांच्यावर आळ आला व संभाजी महाराजांनी त्यांना देहान्त शिक्षा दिली. त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ यांनी त्यानंतरही एकनिष्ठपणे राज्याची सेवा केली, ही मराठ्यांच्या इतिहासातील मोठी उदात्त गोष्ट आहे. पण घरातील जखम पिढ्यानपिढ्या भळभळत राहते. ज्याच्या पूर्वजाला राजाने हत्तीच्या पायी दिले असे घरात सांगितले जाते, त्याच्या लेखणीतून त्या राजाचे चरित्र उतरताना शाई थोडी काळी होणारच. यात मल्हाररावांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी घरची आठवण लिहिली. दोष आहे तो त्या आठवणीला निःपक्ष साक्ष समजून पुढे चालविणाऱ्यांचा.

पुढे काय झाले पाहा. बखरीवरून इतिहासग्रंथ झाले, इतिहासग्रंथांवरून शाळेची पुस्तके झाली, शाळेच्या पुस्तकांवर वाढलेल्या नाटककारांनी नाटके लिहिली, आणि नाटकांवरून जनमनात चित्र ठसले. दुसरीकडे खाफीखानासारख्या मोगलांच्या पदरच्या लेखकांचे फारसी वृत्तान्त होते. ते तर प्रत्यक्ष शत्रुपक्षाचे. हे दोन प्रवाह मिळाले आणि प्रत्येक नवा लेखक मागच्या लेखकाचा दाखला देऊ लागला. आज एखाद्या वाक्यापुढे पाच ग्रंथांचे आकडे दिसतात. पण पाचही वाटा चालत गेल्या तर त्या दोनतीन जुन्या घरांच्या अंगणात संपतात. दाखले पाच, साक्षी दोन, आणि त्या दोघांचाही महाराजांशी दावा! आमच्या पाटलाने हा महजर कधीच पुरा मानला नसता.

या साखळीत दोष कोणाच्या माथी बसतो, हेही पाहण्याजोगे आहे. राम गणेश गडकरी यांचे ‘राजसंन्यास’ हे नाटक १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरेच राहिले. गडकऱ्यांच्या काळी जी माहिती प्रचलित होती तिच्यावर त्यांनी ते रचले. २०१७ च्या जानेवारीत पुण्यातील संभाजी उद्यानातला त्यांचा पुतळा उखडून नदीत टाकण्यात आला. साखळीच्या शेवटच्या कडीवर घाव बसला. पहिली कडी जेथल्या तेथे राहिली. २०२५ साली नोटीस निघाली तीही अशीच शेवटच्या कडीवर. नोटिशीने एखादी ओळ पुसली जाईल, पण ती ओळ ज्या ग्रंथांतून आली ते ग्रंथ पुसले जात नाहीत, आणि पुसूही नयेत. ओळ परत येते. ती येऊ नये असे वाटत असेल तर मुळाशी जाऊन साक्ष तपासण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

तो मार्ग एका माणसाने चालून दाखविला. वा. सी. बेंद्रे यांनी सुमारे चाळीस वर्षे खपून देशी व परदेशी कागद गोळा केले आणि १९६० साली संभाजी महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. त्यानंतर डॉ. कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हा प्रबंधग्रंथ १९७१ साली आला. महाराजांच्या हयातीतील पत्रे, १६८० सालचे संस्कृत दानपत्र, त्यांच्या नावावरचा ‘बुधभूषणम्’ हा संस्कृत ग्रंथ, पोर्तुगीज व इंग्रज वखारींचे पत्रव्यवहार, अशी समकालीन साक्ष पुढे आल्यावर चित्र पालटले. एकाच वेळी मोगल, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी नऊ वर्षे झुंजणारा कर्ता राजा लोकांना दिसू लागला. हे काम घोषणांनी झाले नाही, कागदांनी झाले.

मग साठ वर्षांपूर्वीचे हे संशोधन इंग्रजी नोंदीत पुरेसे का उतरत नाही? येथे दाखल्याच्या पक्षपाताचे खरे कारण सापडते, आणि ते कोणाच्या दुष्टपणापेक्षा सोयीत अधिक आहे. ग्रँट डफ १८५८ साली वारला व जदुनाथ सरकार १९५८ साली. जुन्या ग्रंथांचे हक्क सुटलेले असतात. ते इंटरनेटवर फुकट वाचावयास मिळतात. ते इंग्रजीत आहेत. अलीकडच्या मराठी ग्रंथांचे हक्क राखून ठेवलेले असतात, ते ग्रंथालयाच्या फडताळात असतात, आणि ते वाचून इंग्रजीत नोंद लिहिणारा मनुष्य विरळा. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला संपादक, प्रामाणिक असला तरी, जे हाती लागते त्याचाच दाखला देणार.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे. ती न सांगणे हाही एक पक्षपातच होईल. १६७८ च्या अखेरीस युवराज संभाजीराजे दिलेरखानाकडे गेले व सुमारे वर्षभराने परत आले, ही गोष्ट समकालीन साधनांत आहे. ती बखरकाराने रचलेली नाही. बखर पक्षपाती आहे म्हणून अप्रिय ते सारे खोटे, असे म्हणता येत नाही. द्वेषाने लिहिलेला कागद जसा तपासून घ्यावा लागतो, तसाच भक्तीने लिहिलेलाही तपासून घ्यावा लागतो. महाराज एवढे मोठे आहेत की त्यांना आपल्या गाळणीची गरज नाही.

थोरांचाही दाखला तपासावा

दाखला देणारा मोठा असला म्हणजे तरी निश्चिंत राहावे काय? दोन गोष्टी ऐका. १९३३ पूर्वी शिवछत्रपतींचे म्हणून जे एक चित्र पुस्तकांतून व भिंतींवरून फिरत होते, ते इब्राहिमखान नावाच्या मोगल सरदाराचे होते. एकाने छापले, दुसऱ्याने त्यावरून उतरविले, आणि हजारो घरांत त्याला हार पडले. १९३३ साली याच बेंद्रे यांनी एका डच ग्रंथकाराच्या कागदांतून महाराजांचे विश्वसनीय चित्र पुढे आणले, तेव्हा कोठे भ्रम फिटला.

दुसरी गोष्ट आपल्या मराठवाड्याची. इतिहासाचार्य राजवाडे यांच्याइतका मूळ कागदाचा आग्रह महाराष्ट्रात कोणी धरला नाही. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला व पुढे गावोगाव पायपीट करून बावीस खंड सिद्ध केले. त्यांना बीडच्या पाटांगणावर ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली व तिच्यावरून त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. पोथी फार प्राचीन, असे त्यांचे म्हणणे. परंतु ती मूळ पोथी पुढे संशोधकांना तपासावयास उरली नाही. त्यामुळे तिच्या वयाविषयीचा वाद राजवाड्यांच्या शब्दापाशी येऊन थांबतो. शब्द राजवाड्यांचा आहे, पण वस्तू नाही. जो दाखला दुसऱ्याला उघडून पाहता येत नाही त्याचे बळ निम्मे होते, मग तो कितीही थोराचा असो.

आपल्या दारातला इतिहास

इतका वेळ आपण सातारा-पुण्याकडचे बोललो. आता घराकडे वळू. देवणीचे नाव देशभर पोचविले ते येथल्या गाईबैलांनी. वानेरा, वाघ्यड व बालंक्या हे रंगाचे प्रकार तुमच्यापैकी पुष्कळांना लांबून ओळखू येतात. गीर, डांगी व स्थानिक गुरे यांच्या संकरातून ही जात झाली, असे वाक्य नोंदीनोंदींतून आढळते. कपाळाची ठेवण, कान, अंगाचा रंग यांवरून काढलेले हे अनुमान आहे, आणि अनुमान म्हणून ते समंजस आहे. परंतु एकाने अनुमान म्हणून लिहावे, दुसऱ्याने ते विधान म्हणून उतरावे, वर्तमानपत्राने ते विकिपीडियावरून घ्यावे, आणि मग विकिपीडियाने त्याच वर्तमानपत्राचा दाखला द्यावा, अशा तऱ्हेने चक्र पुरे होऊ शकते. घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण गावाबाहेर जात नाही. असला दाखलाही कोठेच पोचवीत नाही.

गुरांच्या कुळीविषयी चूक झाली तर फारसे बिघडत नाही. पण माणसांच्या मरणाविषयी झाली तर बिघडते. १९४८ साली आपला हा मुलूख निजामी राज्यातील बिदर जिल्ह्यात, उदगीर तालुक्यात होता. त्या वर्षी या भागाने काय सोसले ते जुन्या माणसांनी पुढच्या पिढीला सांगितले आहे. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. मे महिन्यात बिदर जिल्ह्यातील गोरटा गावी हत्याकांड झाले. १३ सप्टेंबरला भारतीय लष्कर शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती दिली. आपण मुक्त झालो. त्यानंतरच्या आठवड्यांत मात्र याच प्रदेशात मुसलमान वस्तीवर सूड उगविला गेला. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाअखेर पाहणी केली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाल्याचे समितीने नमूद केले, आणि साऱ्या राज्यातील मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. त्यातील उतारे पुष्कळ वर्षांनी बाहेर आले, ए. जी. नूरानी यांनी २०१३ साली आपल्या ग्रंथात तो समग्र छापला.

म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एकाच वर्षाच्या दोन आठवणी आहेत. एक मराठीत आहे : अनंत भालेराव यांच्यासारख्यांच्या ग्रंथांत, सत्याग्रहींच्या आत्मकथनांत, स्मारकांवरील पाट्यांत. दुसरी इंग्रजीत व उर्दूत आहे. मराठी वाचणाऱ्याला पहिली दिसते, इंग्रजी वाचणाऱ्याला दुसरी अधिक दिसते, आणि जो तो आपल्या भाषेतील दाखल्यांनी आपले चित्र पुरे समजतो. पहिलीचा दाखला देऊन दुसरी झाकणे, किंवा दुसरीचा दाखला देऊन पहिली झाकणे, हे दोन्ही अन्याय सारखेच. या गावात दोन्ही घरांची माणसे शेजारी राहतात. ज्या नोंदीत दोन्हींचे मेलेले मोजले जातील, तीच नोंद आपली म्हणता येईल.

आपली अडचण आणखी एक आहे. निजामी दप्तर आधी फारसी व नंतर उर्दू. घरगुती कागद मोडीत. १९५६ साली बिदरचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला, आपण उस्मानाबादला जोडले गेलो, आणि १६ ऑगस्ट १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आलो. त्यामुळे आपल्याच गावाचे कागद आज हैदराबादेत, बिदरमध्ये, धाराशिवात विखुरले आहेत. तीन राज्ये, चार लिपी-भाषा. ते वाचणारे थोडे आणि छापणारे त्याहून थोडे. ज्ञानकोशाचा नियम तर छापील आधाराचा. जे छापले गेले नाही ते त्याच्या लेखी घडलेच नाही. मराठवाड्याच्या नोंदी तुटपुंज्या का, याचे उत्तर येथे आहे.

करावयाचे काय

कोणी म्हणेल, हे विद्वानांचे काम, आम्ही काय करावे? मला वाटते, तीन गोष्टी प्रत्येकाला साधण्यासारख्या आहेत. नोंद वाचताना तिच्या दाखल्यापर्यंत जावे आणि चार प्रश्न विचारावेत : हे कोणी सांगितले? घटनेनंतर किती वर्षांनी सांगितले? सांगणाऱ्याचे त्यात काय गुंतले होते? आणि इतर दाखले याच्याच घरचे आहेत की परक्या घरचे? एवढे विचारणारे वाचक गावात पंचवीस असले तरी खोट्या नोंदीचा धंदा बसतो.

दुसरी गोष्ट घरातल्या पेटीची. वतनाचा कागद, पावती, सनद, जुने पत्र, मोडीतले असो वा उर्दूतले, चुलीत जाऊ देऊ नये. शाळेतल्या नाहीतर मशिदीतल्या ज्या कोणाला ते वाचता येते त्याच्याकडून वाचवून घ्यावे, नक्कल करावी, कोणत्या घरातून मिळाले ते लिहून ठेवावे. वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. पण सांगणाऱ्याचे नाव, वय, तारीख, आणि त्याने स्वतः पाहिले की ऐकले, हे त्यात असलेच पाहिजे. एवढे असले म्हणजे आठवण साक्ष होते. हे सारे संकलित करून तालुक्याचे एक लहानसे पुस्तक छापता आले, तर जगातील कोणत्याही ज्ञानकोशाला त्याचा दाखला घेता येईल.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. आपल्या जातीचा, धर्माचा, पक्षाचा म्हणून जो दाखला आपल्याला गोड लागतो, तो दुप्पट कसून तपासावा. परक्याचा खोटेपणा ओळखावयास डोळे लागतात. आपल्या माणसाचा ओळखावयास छाती लागते. ती छाती ज्या गावात असेल त्या गावाची नोंद कोणत्याही कोशात निर्भयपणे लिहिली जाईल, आणि वाचणाऱ्याला तिच्यावर विसंबता येईल.